कारागिरीचे शिक्षण आणि सरकारी धोरण

(वसंत व्याख्यानमालेत शांती नगर, मीरा रोड येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठले आणि विचारले, "अहो, वसंत व्याख्यानमालेत लोक संतवाङ्मय ऐकावयास येतात, इतिहास ऐकावयास येतात; फिटर आणि वायरमन यांच्याविषयी तासभर कोण ऐकणार?" आम्ही त्यांस म्हटले की, ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली, त्यांनीच या देशातील धंदे का बसले आणि ते पुन्हा कसे उभे राहतील याचा विचार जन्मभर केला. तेव्हा हा विषय या व्यासपीठाला परका नाही. शिवाय आज समोर बसलेल्यांत दहावीच्या निकालाची वाट पाहणारे आईबाप बरेच दिसतात. त्यांच्या दृष्टीने तर हा विषय पुढच्या महिन्यातला आहे.

प्रारंभी घरचीच एक गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळाली. पाच हॉर्सपॉवरची, तीन फेजची साधी मोटर. पण ती बंद पडली की चार मजल्यांवरच्या बिऱ्हाडांना बादल्या घेऊन जिने चढावे लागतात, हे आपणांस सांगावयास नको. सेक्रेटरींच्या ओळखीने प्रथम एक तरुण आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आपण ज्यास आयटीआय म्हणतो तेथून, दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा करून तो बाहेर पडलेला. बोलणे नम्र, हातात वही. त्याने मोटरच्या आतील जोडणीचा आराखडा आम्हांस कागदावर सुबक काढून दाखविला. परंतु मोटर उघडण्याची वेळ आली तेव्हा त्याचा हात घुटमळू लागला. विचारता त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "काका, आमच्या तुकडीत वीस मुलं आणि खोलून बघायला मोटर एकच होती. मी बघितलीय, स्वतः बांधलेली नाही."

मग भाईंदरच्या एका गाळ्यातून एक मिस्त्री आले. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण आठवी नापास. त्यांनी मोटरचे झाकण काढले, आत नाक घालून वास घेतला, आणि काळ्या ठिक्कर पडलेल्या काही गुंडाळ्या व त्यांच्या शेजारच्या जशाच्या तशा राहिलेल्या गुंडाळ्या पाहून म्हणाले, "एक फेज गेला होता. दोन फेजवर ओढत राहिली बिचारी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर नव्याने बांधून आली आणि पाणी चढू लागले. सोसायटीने निःश्वास सोडला.

गोष्ट एवढ्यावर संपती तर ती सांगण्यात अर्थ नव्हता. मोटर बसविताना तो तरुणही कुतूहलाने येऊन उभा राहिला होता. त्याने स्टार्टरची पेटी उघडून पाहिली आणि मोटरच्या पट्टीवरचा आकडा वाचला. पट्टीवर साडेसात अँपिअर लिहिले होते आणि संरक्षणासाठी बसविलेल्या रिलेचा काटा बारावर नेऊन ठेवला होता. तो म्हणाला, "फेज गेला तेव्हा रिलेनं मोटर बंद करायला हवी होती. काटा इथे असल्यावर ती कशी बंद होणार? महिन्याभरात पुन्हा जळेल." मिस्त्री क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. बंद पडते म्हणून लोक तक्रार करतात, म्हणून आम्ही काटा वर सरकवतो." इतकी वर्षे त्यांनी जळालेल्या मोटरी बांधल्या. त्यांपैकी कितीएक त्या काट्यापायी जळाल्या असतील!

एकाजवळ हात होता, दुसऱ्याजवळ कारण होते. आणि या दोघांची गाठ पडली ती आमच्या पंपाच्या खोलीत, केवळ योगायोगाने. आमचे म्हणणे असे की, गेल्या पाऊणशे वर्षांत या देशाने कारागिरीच्या शिक्षणाची जी धोरणे आखली त्यांनी संस्था काढल्या, जागा वाढविल्या, प्रमाणपत्रे वाटली. परंतु या दोघांची गाठ घालून देण्याचे मुख्य काम बहुतांशी तसेच राहिले.

हे शिक्षण सरकारने हाती घेतले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना आणि लष्कराला हजारो कुशल हात हवे झाले, तेव्हा घाईने प्रशिक्षणाची केंद्रे निघाली. १९४५ साली युद्ध संपत आले तेव्हा परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावावे म्हणून केंद्राने एक खाते उभारले. फाळणीनंतर त्याच खात्याच्या दारी निर्वासित आले. या धावपळीतून १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची कायमची योजना जन्मास आली आणि सुमारे ५० संस्थांनी तिचा प्रारंभ झाला. पुढे शिवा राव समितीच्या शिफारशींस अनुसरून १ नोव्हेंबर १९५६ पासून या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवावयाची दिल्लीने. इमारत, यंत्रे आणि निदेशक पुरवावयाचे राज्याने. ज्या घरात स्वयंपाक एक सून ठरविते आणि वाणसामान दुसरी आणते, त्या घरची जेवणे कशी होतात हे इथल्या भगिनींना ठाऊक आहे.

तथापि या संस्थांनी एक मोठे काम केले, आणि त्याचे श्रेय आपण त्यांस पुरेसे दिलेले नाही. त्यापूर्वी आपल्याकडे कारागिरी जन्माने मिळत असे. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. गावगाड्यात ज्याच्या वाट्यास जे आले ते. गिरण्यांतदेखील कोणत्या खात्यात कोणी शिरावयाचे हे नात्यागोत्यावर आणि जातीवर ठरत असे. आयटीआयच्या कार्यशाळेत प्रथमच कोणत्याही घरचा मुलगा, आणि मागाहून मुलगीही, दहावीच्या गुणांवर येऊन लेथपुढे उभी राहू शकली. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी संस्था आहेत. साऱ्या देशात सरकारी आणि खाजगी मिळून १४ हजारांहून अधिक. जे लोक जुन्या गुरुशिष्य परंपरेच्या नावाने गहिवरतात, त्यांनी ही गोष्ट विसरू नये. ती परंपरा सर्वांना शिकवीत नव्हती.

मग दोष कोठे राहिला? १९६१ साली संसदेने शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला, तेव्हा तो नेमका या आमच्या पंपाच्या खोलीतल्या प्रश्नासाठीच होता असे म्हणता येईल. संस्थेत कारण शिकावे, कारखान्यात हात शिकावा, आणि शिकत असता विद्यावेतन मिळावे, ही कल्पना उत्तमच होती. कारखानदाराने उमेदवार घेतलेच पाहिजेत, न घेतल्यास तुरुंगवासापर्यंत शिक्षा, अशी तरतूद त्यात होती. परिणाम असा झाला की, कारखानदार उमेदवाराकडे शिष्य म्हणून न पाहता सरकारी निरीक्षकाने पाठविलेला पाहुणा म्हणून पाहू लागले. कोणास फायली लावावयास बसविले, कोणास भांडार सांभाळावयास दिले. वर्ष भरले की राम राम. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तुरुंगवास जाऊन दंड राहिला. २०१६ साली सरकारने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १५०० रुपयांपर्यंत, स्वतः सोसण्याची योजना काढली. २०१९ च्या नियमांनी ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे आहेत तिला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. चार ते एकोणतीस माणसे असतील तर इच्छेवर सोडले.

हा आकडा आपण जरा आपल्या गावाला लावून पाहू. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या भागात मिठागरे, खाजणे आणि भातशेते होती. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. या वस्तीचे बरेचसे लोक पहाटेच्या गाडीने मुंबईस जातात. परंतु जे येथे राहून काम करतात त्यांच्यासाठी भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे आहेत. तेथे स्टीलची भांडी दाबली जातात, पॉलिश होतात; लहानसहान सुटे भाग होतात, मोटरी बांधल्या जातात. अशा गाळ्यात माणसे किती? एक शेठ, एक मिस्त्री, एखाद-दुसरा हेल्पर. म्हणजे कायद्याने ज्यास बंधन घातले तो हा नव्हे, आणि पुष्कळदा ज्यास इच्छेची मुभा दिली तोही हा नव्हे. मोटर बांधण्याची विद्या आहे ती या गाळ्यात, आणि कायद्याची नजर थांबते ती गाळ्याच्या उंबऱ्याबाहेर.

गाळ्यात मुलगा शिकतो ते कसे, हेही रंगवून सांगण्यासारखे नाही. पहिले वर्ष चहा आणणे, झाडणे, सामान वाहणे. दुसऱ्या वर्षी मिस्त्रीचा हात मोकळा नसेल तेव्हा तार धरणे. शिव्या खाव्या लागतात. भांड्यांच्या प्रेसवर काम करणाऱ्या जुन्या माणसांच्या हातांची बोटे मोजून पाहा. कित्येकांची दहा भरत नाहीत. पॉलिशच्या चाकापुढे उभा राहणारा दिवसभर धूळ गिळतो. आणि पाच-सात वर्षांनी तो खरोखर तयार झाला, तरी त्याजवळ कागद नाही. दुसऱ्या गावी गेला की पुन्हा हेल्परपासून प्रारंभ. २०१५ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात एक आकडा दिला आहे, तो व्याख्यानांतून फार फिरविला जातो: देशातील काम करणाऱ्यांपैकी अवघ्या ४.६९ टक्के लोकांना औपचारिक कौशल्यशिक्षण मिळालेले आहे. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा ऐकून सभा हळहळते. पण उरलेले ९५ जण अकुशल आहेत असे त्यात म्हटलेले नाही. आमचे मिस्त्री त्या ९५ मध्ये आहेत.

आता शाळांकडे वळू. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले की दहावीच्या पुढील निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळले पाहिजेत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने निम्म्याचा नाद सोडून १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे लक्ष्य ठेवले. १९९२ साली तेही पाच-पाच वर्षांनी पुढे ढकलले. आपल्या राज्यात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम निघाले. काही ठिकाणी चांगले चालले, पुष्कळ ठिकाणी ज्यांना कोठेच प्रवेश मिळाला नाही त्यांची ती धर्मशाळा झाली. आणि २०२० चे धोरण म्हणते की २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा. चौपन्न वर्षांनी आपण पुन्हा त्याच निम्म्यावर आलो! मधल्या काळात २००९ च्या धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याची प्रतिज्ञा केली होती, तिचे पुढे कोणी नाव काढीत नाही.

२०१४ साली केंद्रात कौशल्यविकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, आणि २०१५ च्या जुलैत प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्यातले दोन-तीन महिन्यांचे वर्ग आपणही पाहिले असतील. दुकानाच्या वरच्या मजल्यावर फलक लागतो, टी-शर्ट वाटतात, छायाचित्र निघते. कामात मुरलेल्या माणसाला थोड्या तासांची उजळणी आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावयाचे, असाही एक विभाग तिच्यात आहे. ही कल्पना आम्हांस मनापासून आवडते. आमच्या मिस्त्रींसाठीच ती आहे. पण ती राबविताना त्यांना तो रिलेचा काटा कोणी समजावून सांगतो काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. सांगत नसेल, तर त्यांना जे आधीच येत होते त्यावर शिक्का मारून सरकारने आपल्या यादीत एक नाव वाढविले, इतकेच झाले. योजनेच्या पहिल्या तीन आवृत्त्यांत अल्पमुदतीच्या वर्गांतील मुलांना नोकरी मिळाली की नाही याचा मागोवा तरी ठेवला जात होता. चौथ्या आवृत्तीत नोकरीचा तो संबंध सोडून देण्यात आला. मुलाने आपली वाट आपण निवडावी, असे त्याचे समर्थन आहे. वाट निवडावयास दोन वाटा तर असाव्या लागतात.

आमच्या राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, आयटीआय अगर पदविका असणाऱ्यास आठ, पदवीधरास दहा. मुदत सहा महिने, ती पुढे अकरा महिने झाली. यातले पुष्कळ तरुण सरकारी कचेऱ्यांतच बसविले गेले. अकरा महिने संपल्यावर त्यांनी आम्हांस कायम करा म्हणून आंदोलने केली. त्यांस आम्ही दोष देणार नाही. टेबलाशी बसवून ज्यास अकरा महिने पगार दिला, तो बाराव्या महिन्यात टेबलच मागणार. त्यास हाती काही विद्या दिली असती तर त्याने दुकान मागितले असते.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व दोष दाखविणे सोपे. कोठे नीट झाले आहे काय? झाले आहे, आणि आपल्याच मुलखात झाले आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. प्राथमिक शाळेत शेतीचे व्यवहारोपयोगी ज्ञान द्या, अशी त्यात मागणी होती. आणि सरकारी हायस्कुलांतले शिक्षण केवळ कारकून आणि शाळामास्तर तयार करावयास उपयोगी, अशी तक्रारही होती. हे सांगणारा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारा होता, हे ध्यानात ठेवावे. पुढे पाचच वर्षांनी, १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, जिला आज वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेथेच रेखाटन शिकवीत होते. चित्रकार व्हावयास ते मुंबईस आले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. नोकरी सोडून बेळगावास सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, नांगर खपेनात. १९१० साली औंध संस्थानातल्या एका ओसाड माळावर त्यांनी कारखाना नेला आणि ज्यांनी यंत्र पाहिले नव्हते अशा आसपासच्या माणसांना हाताशी धरून तो चालविला. तेथे शाळा कोठे संपत होती आणि कारखाना कोठे सुरू होत होता, हे सांगता येणे कठीण.

हे जुने झाले म्हणाल तर पुणे जिल्ह्यातले पाबळ घ्या. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेतले मोठे काम सोडून १९८३ साली ते या दुष्काळी गावात जाऊन राहिले आणि विज्ञान आश्रम काढला. त्यांचे म्हणणे फार साधे होते: मूल हाताने काम करताना जे प्रश्न विचारते, तेथून विज्ञान सुरू होते. त्यांनी गावच्या शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस पुस्तकाबाहेर काढले. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि पाणी, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य, असे सगळे प्रत्येकाने करावयाचे. मुलगी वेल्डिंग करी, मुलगा भाकरीतली पोषणद्रव्ये मोजी. आणि काम नकली नव्हते. गावातल्या माणसाला लोखंडी फाटक हवे असेल तर ते मुलांनी करून द्यावयाचे, गावाने त्याचे पैसे द्यावयाचे. फाटक तिरके झाले तर गाव बोलणार. परीक्षकाने दिलेले गुण आणि गिऱ्हाइकाने दिलेले पैसे यांतला फरक त्या मुलांना पंधराव्या वर्षी कळत असे. राज्याच्या शालान्त मंडळाने या अभ्यासक्रमास मान्यता दिली, इतर शाळांतही तो गेला. कलबाग २००३ साली वारले. आश्रम चालू आहे. मग तो प्रत्येक शाळेत का गेला नाही? कारण त्यास गावातला कारागीर शाळेत यावा लागतो आणि शिक्षकाचे हात काळे व्हावे लागतात. या दोन्ही गोष्टी शासननिर्णयाने होत नाहीत.

जर्मनीचे नाव आता पदोपदी घेतले जाते. २०२४ साली आपल्या राज्याने तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग या प्रांताशी कुशल माणसे पाठविण्याचा करारही केला. तेथे उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतो, हे सर्वांस ठाऊक झाले आहे. कमी ठाऊक आहे ते असे की, त्याची परीक्षा सरकार घेत नाही. व्यापारी आणि कारागिरांच्या मंडळांनी नेमलेली समिती ती घेते. तीत मालकांचे प्रतिनिधी असतात, कामगारांचे असतात आणि शाळेचे शिक्षकही असतात. म्हणजे ज्यांना उद्या हा माणूस कामावर घ्यावयाचा आहे आणि ज्यांच्या शेजारी तो उभा राहणार आहे, त्यांनीच त्यास पसंत करावयाचे. मग प्रमाणपत्रावर कोणी शंका घेत नाही. आमच्याकडे भाईंदरच्या गाळेवाल्यास कोणी कधी विचारले आहे काय की, बाबा, या मुलाला मोटर बांधता येते असे तू म्हणशील काय?

२०२५ साली केंद्राने ६० हजार कोटींची एक नवी योजना मंजूर केली. तीस हजार केंद्राचे, वीस राज्यांचे, दहा उद्योगांचे. तीतून देशातल्या एक हजार आयटीआय सुधारावयाच्या, दोनशे मोठ्या संस्थांभोवती आठशे लहान. पैसा पुष्कळ आहे आणि तो यंत्रांवर खर्च होणार हे दिसतेच आहे. यंत्रे हवीत, वीस मुलांत एक मोटर असू नये. परंतु उद्योग म्हणजे मोठे उद्योग, असा अर्थ घेतला गेला तर आमच्या गाळ्यापर्यंत त्यातले काही पोचणार नाही. आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, वीस-पंचवीस गाळ्यांनी मिळून एक उमेदवारमंडळ करावे. मध्यस्थ संस्थेमार्फत उमेदवार घेण्याची वाट सरकारी योजनेत ठेवलेली आहेच. मुलगा सहा महिने मोटरवाल्याकडे, सहा महिने डायवाल्याकडे फिरता राहील. संध्याकाळी सहानंतर आयटीआयच्या कार्यशाळांना कुलूप का असावे? त्या वेळी गाळ्यातल्या जुन्या माणसांनी तेथे यावे, आणि निदेशकाने त्यांना कारणे सांगावीत; आठवड्यातून एक दिवस निदेशकाने गाळ्यात जावे आणि काय बदलले ते पाहावे. शेवटच्या परीक्षेच्या टेबलाशी एक खुर्ची मिस्त्रीची असावी. आठवी नापास माणूस परीक्षक कसा होईल, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या सोसायटीचा पंप पाहून जावे.

आतापर्यंत आम्ही सरकारास पुष्कळ बोललो. आता स्वतःबद्दल थोडे बोलणे भाग आहे. २०११ साली आमच्या धाकट्या भावाच्या मुलास दहावीला साठ टक्के गुण मिळाले. त्यास घरातले रेडिओ, पंखे उघडण्याचा नाद. इलेक्ट्रिशियनच्या यादीत त्याचा नंबर लागला होता. भाऊ आमचा सल्ला घ्यावयास आला. आम्ही त्यास म्हणालो, "आपल्या घरातला मुलगा पान्हा घेऊन लोकांच्या दारी जाणार काय? कॉमर्सला घाल." मुलगा दाराशी उभा होता, तो काही बोलला नाही. तो बी. कॉम. झाला. दोन कंपन्यांत हिशेबाचे काम केले, दोन्ही ठिकाणी कपात झाली. आज तो दुचाकीवरून लोकांच्या दारी पार्सले पोचवितो. लोकांच्या दारी जाणे चुकले नाहीच. फक्त पान्हा हातात नाही. गेल्या दिवाळीस घरी आला तेव्हा आमच्या बिघडलेल्या मिक्सरकडे त्याने पाहिले आणि म्हणाला, "काका, द्या, मी बघतो," आणि दहा मिनिटांत तो चालू करून दिला. आम्ही त्यास काय बोलणार?

ही चूक आमच्या एकट्याची असती तर जाहीर सभेत सांगितली नसती. लग्नाच्या बाजारात वेल्डरपेक्षा कारकून वरचढ ठरतो, मग वेल्डरची मिळकत दुप्पट का असेना. इतकेच नव्हे, आपण गिऱ्हाईक म्हणूनही या शिक्षणाची किंमत पाडतो. विजेच्या कामाला शासनाचा वायरमन परवाना लागतो. आपल्यापैकी किती सोसायट्या काम देताना तो परवाना पाहावयास मागतात? आम्ही आमच्या सोसायटीच्या सभेत विचारले. उत्तर आले, "परवानावाला पाचशे जास्त घेतो." जो दोन वर्षे शिकला, ज्याने परीक्षा दिली, त्याचे पाचशे रुपये आपण वाचविले; मग पुढच्या वर्षी शेजाऱ्याचा मुलगा ते शिकावयास का जाईल? जिन्याखालचा मीटरचा डबा गरम होतो आणि वास येतो, तेव्हा त्या पाचशेंचा हिशेब लागतो.

वेळ संपत आला आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिल्याचे आमच्या ध्यानी आले. एक निवेदन करून बसतो. ज्या दोघांची गोष्ट प्रारंभी सांगितली, त्या दोघांना आम्ही गळ घातली आणि ते दोघेही कबूल झाले. उद्या सायंकाळी सहा वाजता, उद्याच्या व्याख्यानाच्या अगोदर, याच मंडपाच्या मागल्या बाजूस मिस्त्री एक जळालेली मोटर घेऊन येतील आणि ती सर्वांदेखत उघडतील. तो तरुण स्टार्टरची पेटी घेऊन येईल आणि काटा कोठे ठेवावयाचा ते सांगेल. ज्यांच्या घरी दहावी झालेली मुले-मुली आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे. कपडे जुने असावेत. मिस्त्री म्हणाले आहेत की, नुसती बघायला पोरे आणू नका, तार ओढायला मला दोन हात लागतील.